दुसरा एसी राहू द्या ताई, आधी छताला हात लावून बघा

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, त्यामुळं मुद्द्याचं तेवढंच इथं देतो. २०१६ साली बांधलेलं साडेआठशे स्क्वेअर फुटाचं घर, एकच मजला, वर उघडा स्लॅब, बेडरूम नैऋत्य कोपऱ्यात. मागच्या एप्रिलमध्ये ईएमआयवर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला, तरी रात्री अकरापर्यंत खोली काही गार होत नव्हती. जानेवारीत १४२ युनिट होतात, मे मध्ये ४६२ झाले आणि बिल सहा हजारांच्या वर गेलं. आता होळी तोंडावर आलीय म्हणून घरात चर्चा सुरू. दुकानदार म्हणतो दोन टनाचा घ्या, मिस्टर म्हणतात पीओपी करून घेऊ, दीर म्हणतात सोलार बसवा, आणि हॉलमध्ये कूलरपुढं झोपणाऱ्या सासूबाई म्हणायल्यात की आमचं मातीच्या छताचं माळवदच बरं होतं, कधी पंखा सुद्धा लागला नाही. हातात चाळीस हजार आहेत. तर कुणाचं ऐकू?

ताई, ऐकायचं तर सासूबाईंचं ऐका. पण अर्धंच. का ते सांगतो.

आज रात्री जेवणं-भांडी उरकली की दहाच्या सुमाराला बेडरूममध्ये स्टुलावर चढा (कुणाला तरी स्टूल धरायला सांगा) आणि पंख्याच्या बाजूला छताला तळहात टेकवा. मग खाली उतरून तोच हात आतल्या बाजूच्या, म्हणजे हॉलकडच्या भिंतीला लावा. आत्ता शिमग्याच्या आधीच तुम्हाला फरक कळेल, छत कोमट आणि भिंत गार. मे मध्ये हेच छत नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं लागतं. काँक्रीटचं असं असतं की ते ऊन लगेच खाली सोडत नाही, आधी पोटात साठवतं. दुपारी एक-दोनला जे ऊन वर खाल्लं ते खाली खोलीत उतरायला चार-सहा तास सहज घेतं, म्हणून दुपारी तीनला बेडरूम सहन होते आणि रात्री नऊला, बाहेर वारा सुटलेला असताना, आत भट्टी पेटल्यासारखं होतं. तुमचा एसी अकरापर्यंत खोली गार करत नव्हता असं तुम्ही लिहिलंय, तो खरं तर खोली गार करतच नव्हता, डोक्यावरचा पाच इंची स्लॅब गार करायला लागला होता बिचारा. तिथं दोन टनाचा लावला तर तोही तेच करणार, फक्त जास्त युनिट खाऊन. दुकानदाराला काय, त्याला तुमचा स्लॅब दिसत नाही आणि दिसला तरी तो विकायला नाहीये त्याच्याकडं.

आता माळवदाचं. सासूबाई खोटं बोलत नाहीत. दोन-अडीच फुटाच्या दगडी भिंती, वर लाकडाचे सर, त्यावर फळ्या नाहीतर किलचन म्हणजे बारीक लाकडांचा थर, आणि त्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला आणि धुराला एक साणं म्हणजे छतातलं भोक. एवढ्या मातीतून दिवसभराचं ऊन खाली यायच्या आत रात्र होते आणि सगळं वरच्या वर निघून जातं. माझं आजोळ तसलंच होतं, दुपारी बाराला ढाळजेत आडवं झालं की अंगावर धोतर ओढावं वाटायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. किल्लारी, सास्तूर त्या भागात गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं त्याच दगडमातीच्या खाली गेली, हजारोंनी गेली. धक्क्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती उसवल्या आणि वरची टनावारी माती अंगावर आली. त्यानंतर मराठवाड्यात माणसं माळवदाला भ्यायला लागली आणि घरोघर पत्रा नाहीतर स्लॅब आला. भूकंपाला बरा पण उन्हाला वाईट असा हा सौदा आपण केलेला आहे, आणि तो बरोबरच होता. म्हणून सासूबाईंचं अर्धं ऐका म्हणालो. ऊन वरच्या वर अडवायचं हे त्यांचं तत्त्व घ्यायचं, वजन घ्यायचं नाही. हे मुद्दाम सांगायलो कारण मागं एकानं यूट्यूबवर बघून स्लॅबवर सहा इंच माती टाकून लॉन लावलं होतं, ओल्या मातीचं वजन किती होतं याचा हिशोब न करता. स्लॅब कशासाठी डिझाइन केलाय हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर माती, विटा, मोठ्या कुंड्यांची रांग, काही नको.

मग करायचं काय? चुना. हो, आपला साधा पांढरा चुना. तुमचा स्लॅब आत्ता काळा-करडा पडलेला असणार, दहा पावसाळे खाल्लेत त्यानं, आणि काळं काय करतं हे उन्हात काळी छत्री धरणाऱ्याला विचारायची गरज नाही. पांढरं केलं की ऊन बरंचसं वरूनच परत जातं. ह्याला हल्ली कूल रूफ म्हणतात. अहमदाबादनं झोपडपट्ट्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देऊन बघितला, तेलंगणा सरकारनं तर २०२३ मध्ये कूल रूफची वेगळी पॉलिसीच काढली. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं साधारण सांगतात. घर कसं आहे त्यावर ते अवलंबून आहे, पण वर उघडा स्लॅब असलेल्या एकमजली घराला फायदा सगळ्यात जास्त, म्हणजे तुमच्यासारख्यालाच.

कसा मारायचा ते नीट सांगतो कारण निम्मी माणसं इथंच घोळ करतात आणि मग म्हणतात पहिल्या वाऱ्यात भुकटी उडाली. आधी स्लॅब खराट्यानं झाडून तारेच्या ब्रशनं शेवाळ, पोपडे सगळं खरवडून काढा. भेगा असतील तर त्या आधी भरून घ्या, चुन्यानं गळती थांबत नाही, उलट पावसाळ्यात गळलं की चुन्यालाच नावं ठेवली जातात. चुना आदल्या रात्री ड्रममध्ये भरपूर पाण्यात विरवत ठेवा. कळीचा चुना असेल तर तो उकळतो, फसफसतो, प्लास्टिकची पातळ बादली वितळेल, लेकरं लांब ठेवा आणि डोळ्यावर गॉगल घाला, डोळ्यात उडाला तर खेळ नाही. सकाळी कापडातून गाळून घ्यायचा, ताकापेक्षा थोडा घट्ट, आणि त्यात बाइंडर म्हणून फेविकॉलचं डीडीएल मिळतं ते मिसळायचं, दुकानदार प्रमाण सांगतो. मग स्लॅबवर पाणी मारून तो ओला करायचा आणि ऊन उतरल्यावर पहिला हात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आडवा दुसरा हात. भर उन्हात मारला की वाळायच्या आधी भाजतो आणि उडतो. हाताला खोबरेल लावून बसा नाहीतर बोटं फाटतात. हे सगळं, मजुरी धरून, तुमच्या एवढ्या स्लॅबला एका एसीच्या ईएमआयमध्ये बसतं. एक उन्हाळा नक्की टिकतो, पावसात धुपतो, पुढच्या पाडव्याला परत एक हात. दरवर्षीची कटकट नको असेल तर बाजारात उन्हाचे रिफ्लेक्टिव्ह पेंट मिळतात, महाग पडतात पण तीन-चार वर्षं बघावं लागत नाही. आणि कधी मोठं काम काढलंच तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा कोबा करून घ्या, त्याला तोड नाही. स्लॅबवर वाळवण घालत असाल, कुरडया-पापड, तर खाली चादर टाका. पांढऱ्यावर दुपारी चढलात तर डोळे दिपतात तेही लक्षात ठेवा.

इथं माझा एक मूर्खपणा सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आमच्या घरी स्लॅब गळायचा म्हणून एका पावसाळ्याच्या तोंडावर मी वरून काळी डांबरी शीट मारून घेतली. गळायचं थांबलं. पुढच्या एप्रिलमध्ये बायको रात्री गादी उचलून ओसरीत गेली ती जूनपर्यंत आत आलीच नाही. मी मात्र पंख्याचा कंडेन्सर बदल, पंखाच बदल, कूलर मोठा आण, असले उद्योग करत बसलो, आणि वर रोज संध्याकाळी नळीनं स्लॅबवर पाणी मारायचो. त्यानं थोडा वेळ बरं वाटायचं हे खरं, पण टँकरचं पाणी! ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच पट्ट्यातले आपण, आणि मी प्यायच्या पाण्यानं डांबर गार करत होतो. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्यानं खालूनच वर बघून सांगितलं, "साहेब, डोक्यावर तवा ठेवलाव की." त्याच्यावर पांढरा कोट मारला तेव्हा बायको आत आली.

चुन्यानंतर दुसरं काम सावली. बेडरूमवरच्या तेवढ्या भागावर शेडनेट बांधा, शेतीवाले वापरतात ती हिरवी, पंचाहत्तर टक्के सावलीची. पण स्लॅबला चिकटवून नाही, पाइप नाहीतर बांबू लावून तीन-चार फूट वर, खालून वारा वाहिला पाहिजे. आणि वादळी पावसाच्या आधी ती सोडता यायला हवी, अवकाळीत नेटसकट पाइप शेजाऱ्याच्या अंगणात गेलेले मी बघितलेत.

पश्चिमेची भिंत आणि तिची खिडकी हे तिसरं. चार ते साडेसहा तिरपं ऊन थेट येतं. आतून जाड पडदा लावून फार उपयोग नाही कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीतच ऊब सोडतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बाहेरून बांबूची चिक सोडा, वाळ्याचा पडदा सोडा, जुनी गोधडी टांगली तरी चालेल, लोक हसले तर हसू द्या. खाली जागा असेल तर मधुमालती चढवा, दोन वर्षांत भिंत झाकते. एसीचं बाहेरचं युनिट ह्याच भिंतीवर असेल तर त्याच्यावर पत्र्याची छोटी पडवी काढा, पण पुढून-बाजूनं मोकळं ठेवा, गरम हवा कोंडली तर ते अजून जास्त युनिट खाईल. फिल्टर पंधरा दिवसाला धुवा, आपल्याकडं धूळ कमी नाही.

स्लायडिंगच्या खिडक्यांना जो ब्रश असतो तो दहा वर्षांत गळून गेलेला असतो. रात्री आत लाइट लावून बाहेर जाऊन बघा, जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून तुमचा एसी बाहेर चाललाय. फोमची चिकटपट्टी आणि दाराखाली एक रबरी पट्टी, दोनशे-चारशे रुपयांचं काम.

आणि हे तर फुकटचंच. आपल्याकडं एप्रिलमध्ये दिवसा पारा ४२ ला टेकला तरी पहाटे तो २५-२६ पर्यंत उतरतो, मुंबईवाल्यांना हे नशीब नाही. म्हणून संध्याकाळी सातनंतर सगळ्या खिडक्या उघडा (एसी लावाल तेव्हा त्या खोलीच्या तेवढ्या बंद), पहाटेचा गारवा घरात भरून घ्या आणि सकाळी साडेआठ-नऊला कडेकोट बंद. दिवसभर हवा खेळती राहावी म्हणून बऱ्याच घरी दुपारी खिडक्या उघड्या ठेवतात, त्यानं हवा नाही झळा खेळतात. आपल्या आज्या दुपारी दारं लोटून अंधार करून बसायच्या ते काय उगीच नव्हतं.

एवढं केलं की तुमचा दीड टनाचा एसी त्या खोलीला पुरून उरतो. तो २६ वर ठेवा आणि पंखा हळू चालू ठेवा, अठरावर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसर दमतो. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे स्टार देणारी ती बीईई, त्यांचं म्हणणं एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणजे २० वरून २६ वर आलात तर काय होईल ते बघा. बिलाचं गणित पण समजून घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे आहेत. शंभरच्या पुढं गेलं की भाव दुपटीच्या आसपास जातो आणि तीनशेच्या पुढं अजून चढतो, वर वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तुमचे ३०१ ते ४६२ हे जे युनिट आहेत त्यातलं एकेक सगळं धरून पंधरा रुपयांच्या पुढं पडतं. वाचवलेलं युनिट कायम वरूनच कमी होतं, स्वस्तातलं नाही, महागातलं. म्हणून दीडशे युनिट वाचले तर बिल एक तृतीयांश नाही, त्याहून जास्त उतरतं. आणि अंदाजावर राहू नका, एखाद्या रात्री एसी लावायच्या आधी मीटरचं रीडिंग वहीत लिहा, सकाळी परत लिहा. चुन्याच्या आधीच्या चार रात्री आणि नंतरच्या चार. मग मिस्टरांना दाखवा.

पीओपीचं म्हणाल तर दिसायला छान आहे, लावा, पण उन्हासाठी म्हणून लावू नका. वरचा स्लॅब तापलेलाच राहतो, पीओपी फक्त तुमच्या आणि त्याच्या मध्ये येतं. तीस-पस्तीस हजार त्यात घालून चुना न मारणं म्हणजे गळकी बादली रंगवून घेण्यातला प्रकार. दीर मात्र चुकीचे नाहीत, फक्त नंबर दुसरा आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या सोलारसाठी दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे, एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, आणि पॅनलची सावली पडते तेवढा स्लॅब गार राहतो हा वरचा फायदा. पण आधी गरज कमी करा. ४६२ युनिटवर तीन किलोवॅट बसवायचं की ३०० वर दोन, ह्यात कर्जाचा फरक आहे. पुढच्या दिवाळीला विचार करा. उरलेल्या पैशातून आत्ता पंखे बदला. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा तीस-पस्तीस. आपल्याकडं पंखा आठ महिने फिरतो, दिवसाला पंधरा तास, त्यामुळं हा पैसा लवकर वसूल होतो.

सासूबाईंच्या कूलरबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे पाच तासाला एक युनिट, एसीपुढं काहीच नाही, तर त्यांना एसीत यायचा आग्रह करू नका. फक्त तो हॉलच्या आत ठेवलेला असेल तर खिडकीत तोंड आत आणि पाठ बाहेर करून बसवा, मागून बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे आणि समोरची खिडकी बोटभर उघडी पाहिजे, नाहीतर तासाभरात दमट होऊन अंग चिकचिक करतं. बेडरूमचं दार उघडं ठेवून कूलरची ओली हवा एसीत जाऊ देऊ नका, एसीला ती ओल काढायला वेगळी वीज लागते. गवत दरवर्षी नवं घाला. आणि पत्र्याची बॉडी आहे म्हणून सांगतो, टाकीत पाणी भरताना प्लग बोर्डातून काढायचा, बटन बंद करून भागत नाही. घरात अर्थिंग आहे का आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटन, बसवलीय का हे वायरमनला बोलावून एकदा बघून घ्या. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि बऱ्याचदा पाणी भरतानाच.

हिवाळ्यातल्या गिझरचं एका ओळीत विचारलंय तर एका ओळीत सांगतो, वीस लिटरची बादली २० अंशावरून अंघोळीच्या ४२ पर्यंत न्यायला अर्धं युनिट लागतं, मग गिझर कुठलाही असो, फक्त दिवसभर चालू ठेवला की टाकीची ऊब भिंतीला जाते म्हणून अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि बंद करा. चार माणसं असाल तर सोलार वॉटर हीटर परवडतो.

तर ह्या रविवारी खराटा आणि तारेचा ब्रश. चुना विरवायला सासूबाईंना बसवा, माळवदाच्या घरात दर दिवाळीला भिंती त्यांनीच पांढऱ्या केलेल्या असणार, पातळ झाला की घट्ट हे त्या बोट बुडवून सांगतील. आणि मे च्या अखेरीला मीटरचा आकडा मला कळवा.